सोनकिडे खरंच लहान झालेत का? उन्हाचा आणि भुंगेऱ्यांच्या आकाराचा संबंध

चोपडेकर
मंडळी, मृगाचा पाऊस होऊन चार दिवस झाले. काल संध्याकाळी बांधावरच्या बाभळीवर सोनकिडे दिसले. हिरवी चकचकीत मान, तपकिरी पाठ. बरीच वर्षं मुंबईत काढून मी आता गावी परतलोय, त्यामुळे फार दिवसांनी जवळून पाहिले. पाहिल्याबरोबर मनात आलं, हे एवढेसे कसे? लहानपणी काडेपेटीत एक सोनकिडा आणि बाभळीची डहाळी ठेवली की पेटी मिटताना जोर लावावा लागायचा. काल धरलेला हातात अगदी हलका वाटला.

माझा अंदाज असा की ऊन वाढलं, म्हणून किडे आखडले. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, जमीन तव्यासारखी तापते. त्या जमिनीत वाढणाऱ्या जिवावर परिणाम होणारच. तुमच्याकडे कुणी असं पाहिलंय का? आणि हवामानाने किड्याचा आकार खरंच बदलतो का?

धुळ्याचा_पोऱ्या
आमच्याकडे पांझरेच्या काठाला यंदा अजून दिसले नाहीत. पण मृगाचे किडे भरपूर निघालेत, लालभडक, मखमली. तेही मला लहान वाटले.

जीवशास्त्राच्या_बाई
पोऱ्या, मखमली मृगाचा किडा हा भुंगेरा नव्हे, कीटकही नव्हे. पाय मोज, आठ भरतील. तो कोळ्यांच्या नात्यातला, माइट. भुंगेऱ्याला पाय सहा, आणि पाठीवर दोन कडक पंखांचं झाकण. उडायचे नाजूक पंख त्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात.

चोपडेकरदादा, तुमचा प्रश्न आवडला. पण आधी एक गोष्ट पक्की करू. सोनकिडा बाभळीवर आल्यानंतर वाढत नाही. भुंगेरा कोषातून बाहेर पडला की त्याची वाढ संपली. मादीचं पोट अंड्यांनी फुगेल एवढंच, कवच आहे तेवढंच राहणार. त्याचा आकार ठरतो अळी असताना, जमिनीखाली, मुळं कुरतडत असताना. म्हणून बाभळीवरचं ऊन सोडा. अळीच्या दिवसांत मातीत काय घडलं, ते विचारा.

केळीबाग_रावेर
बाईंनी मुद्द्याचं सांगितलं. माझा हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचा, अनुभव तोच आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की अंधार पडताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. आम्ही रात्री फांद्या हलवून ते खाली पाडतो आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात गोळा करतो. बादलीभर भुंगेरे एकदम समोर आले की लहानमोठे लगेच कळतात. माझ्या पाहण्यात बागायती पट्ट्यात गोळा केलेले जाडजूड असतात आणि कोरडवाहू माळाकडचे बारके. ऊन दोन्हीकडे एकच. फरक मुळांचा आणि ओलीचा.

चोपडेकर
रावेरकर, ऊन एकच कसं? ओलीताची जमीन थंड राहते, माळाची तापते. म्हणजे घूम फिरून ते उन्हावरच आलं ना?

केळीबाग_रावेर
हो, त्यात तथ्य आहे. ओल आणि थंडावा वेगळा काढता येत नाही.

लांबचा_पाहुणा
मूळचा पारोळ्याचा, सध्या परदेशात कीटकशास्त्र शिकतोय. या विषयावर वाचलेलं सांगतो.

कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मांडलं की एकाच गटातले उष्ण रक्ताचे प्राणी थंड प्रदेशात मोठे असतात. मोठ्या शरीराला आकारमानाच्या मानाने कातडी कमी, म्हणून ऊब टिकते. किड्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही, कारण ते स्वतःची ऊब तयार करून जगत नाहीत. तरी प्रयोगशाळेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तेच किडे जास्त तापमानात वाढवले, तर प्रौढ लहान निघतात. डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ मध्ये अशा प्रयोगांचा मोठा आढावा घेतला, आणि दहातल्या आठाहून जास्त उदाहरणांत हेच आढळलं. उष्णतेने अळी भराभर वाढते खरी, पण वयात येण्याची घाई त्याहून जास्त होते. अंग भरायच्या आत कोषात जायची वेळ येते.

भुंगेऱ्यांवरचं थेट उदाहरणही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मिशेल त्सेंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेले जुने भुंगेरे मोजले. आठ जाती, साडेसहा हजारांहून जास्त नमुने. २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. तापमान वाढलं तसे मोठ्या जातींचे भुंगेरे लहान होत गेले होते. म्हणजे दादांचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नाही.

शिरपूरकर
हे तर आपल्या गव्हासारखं झालं. उशिरा पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो. ओंबी लवकर पिवळी पडते, आणि दाणा चिमतो. पीक लवकर आलं म्हणून आनंद करावा, तर पोत्यात वजन भरत नाही.

लांबचा_पाहुणा
शिरपूरकर, अगदी हेच. आता मी वर्गात हेच उदाहरण देणार.

पाचोऱ्याची_लेक
माझा विषय धान्यातल्या भुंग्यांचा. आई मुगाला राख चोळून कोठीत भरायची, तरी आषाढात डब्यात भुंगे निघायचेच. मुगाच्या दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके दिसतात, ती त्यांची अंडी. मी एकदा मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी दोन बरण्या केल्या होत्या. एकीत मूग, दुसरीत काबुली हरभरा. भुंगे एकाच डब्यातले. महिना-सव्वा महिन्याने नवी पिढी निघाली. हरभऱ्यातले ठसठशीत आणि मुगातले किरकोळ. दोन्ही बरण्या एकाच फळीवर होत्या, ऊन वारा सारखाच. त्यामुळे सगळं उन्हावर टाकायला माझं मन तयार होत नाही.

जीवशास्त्राच्या_बाई
पाचोऱ्याच्या ताई, फार छान प्रयोग. मुगातल्या या भुंग्याची अळी जन्मभर एकाच दाण्यात राहते. शिदोरी तेवढीच. एका दाण्यात दोन अळ्या शिरल्या की वाटणी होते आणि दोघी बारीक निघतात.

याच कुळातल्या एका अमेरिकन भुंग्यावर, स्टेटर लिंबाटसवर, क्रेग स्टिलवेल आणि चार्ल्स फॉक्स यांच्या गटाने २००७ मध्ये मोठं काम छापलं. ३८ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात ९५ ठिकाणांहून भुंगे जमवले. विषुववृत्ताकडचे लहान आणि दूरचे मोठे निघाले. वरवर पाहता तापमानाचाच खेळ वाटेल. हिशेब केल्यावर सरासरी तापमानाशी आकाराचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो तिथल्या बियांच्या आकाराशी, हवेतल्या दमटपणाशी आणि ऋतूंच्या चढउताराशी. ताईंच्या दोन बरण्यांनी जे दाखवलं, त्याचा एक भाग तिथे खंडभर पसरलेला दिसला.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. हवामान म्हणजे नुसता पारा नव्हे. पाऊस कधी येतो, किती दिवस टिकतो, हवेत ओल किती, अळीला खायला किती दिवस मिळतात, हे सगळं हवामानच. खान्देशात तर पाऊसच सगळं ठरवतो.

धुळ्याचा_पोऱ्या
बाई, मग थंड ठिकाणचे मोठे की उष्ण ठिकाणचे? एकच काय ते सांगा.

लांबचा_पाहुणा
पोऱ्या, एका वर्षात किती पिढ्या होतात ते आधी बघायचं. मुगातला भुंगा महिन्याभरात पिढी उरकतो. ऊन वाढलं की तो एक जास्तीची पिढी काढतो, आणि प्रत्येक पिढीचा किडा थोडा लहान राहतो. हुमणीची वर्षाला एकच पिढी. अशा जातींना उबदार महिने जास्त मिळाले तर खायला वेळही जास्त मिळतो, आणि उष्ण बाजूचे किडे उलट मोठे निघू शकतात. हॉर्न, हर्स्ट आणि ॲटकिन्सन यांनी २०१५ मध्ये संधिपाद, म्हणजे किडे-कोळी-खेकडे अशा सांध्यांच्या पायांच्या प्राण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा जमिनीवरच्या जातींत साधारण असाच कल दिसला.

चोपडेकर
पण तुम्हीच सांगितलेले कॅनडाचे भुंगेरे? तेही बहुधा वर्षाला एकच पिढी काढणारे असतील. ते तर लहान झाले.

लांबचा_पाहुणा
बरोबर पकडलंत. त्यातल्या बऱ्याच जाती तशाच आहेत आणि तरी मोठ्या जाती लहान झाल्या. म्हणून मी "निघू शकतात" असं लिहिलं. नियमाची दिशा माहीत असली तरी प्रत्येक जात मोजूनच पाहावी लागते.

तोरणमाळ_वारी
आकारावर बरंच बोलणं झालं, मी रंगाचं आणि ठेवणीचं बोलतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. थंडीत सकाळी यशवंत तलावाकडे गेलो की दगडांवर ऊन खात बसलेले काळे भुंगेरे दिसतात. खाली शहाद्याकडे त्याच वेळी किडे केव्हाच कामाला लागलेले असतात. काळ्या रंगाने अंग लवकर तापतं, असं वाचलं होतं. खरं आहे का?

जीवशास्त्राच्या_बाई
खरं आहे. कपाशीवरचा मावा खाणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या युरोपातल्या दोन ठिपक्यांच्या जातीत लाल आणि काळी अशी दोन रूपं आहेत. काळं रूप उन्हात लवकर तापतं. नेदरलँड्समध्ये पॉल ब्रेकफील्ड यांनी १९८० च्या सुमारास पाहिलं तेव्हा काही भागांत काळी रूपं बरीच होती. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तिथलं हवामान उबदार झालं आणि काळ्यांचं प्रमाण घटलं. दुसऱ्या एका ढालकिड्याची, हार्लेक्विनची, कोषावस्था थंडीत गेली तर त्याचे काळे ठिपके मोठे होतात आणि उबेत गेली तर लहान. आईबाप तेच असले तरी ऋतूप्रमाणे अंगावरचं चित्र बदलतं.

सराफकट्टा
वाचतोय. फार छान धागा. जळगावच्या सराफ बाजारात काम करतो. मोजमापाला काही लागलं तर सांगा, आमच्याकडे लांबी बारकाईने मोजायचा व्हर्निअर आहे आणि मिलिग्रॅमपर्यंतचा काटाही आहे.

शिरपूरकर
शेणकिड्यांवर कुणीच बोललं नाही. भर उन्हात शेणाचा गोळा ढकलत नेणारा तो किडा मी तासन्तास पाहत बसायचो. काळी जमीन दुपारी अशी तापते की अनवाणी पाय टेकत नाही, आणि हा तिच्यावरून चालतो.

लांबचा_पाहुणा
शिरपूरकर, यावर दक्षिण आफ्रिकेत सुंदर प्रयोग झालाय, २०१२ मध्ये छापून आला. जमीन पन्नास अंशांच्या वर तापली की शेणकिडा वारंवार गोळ्यावर चढतो. शेण ओलं असल्याने गोळा जमिनीहून पुष्कळ थंड. वर चढून तो पुढचे पाय निववतो आणि पुन्हा ढकलायला लागतो. खात्री करायला संशोधकांनी काही किड्यांच्या पुढच्या पायांना सिलिकॉनचे इवलेसे बूट घातले. बूटवाले किडे गोळ्यावर कमी वेळा चढले.

पाचोऱ्याची_लेक
किड्याला बूट! मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, आपल्या अंगणातल्या किड्यालाही हवेत.

आहिराणी_गडी
भाऊ, बठ्ठं वाचं. आमना गावमा आते शेणकिडा बी दिसत नहीत. ढोरं कमी झायात, शेण कथाईन मिळी त्यासले?

केळीबाग_रावेर
गड्याने मोठं दुखणं सांगितलं. बैलजोड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. गोठ्यात जे शेण आहे त्यात जनावरांच्या जंताच्या औषधाचा अंश. किडे राहतील कसे? आकाराचं नंतर बघू, आधी ते शिल्लक राहायला हवेत.

जीवशास्त्राच्या_बाई
रावेरकरांशी सहमत. हे आकाराशीही जोडलेलं आहे. शेणकिड्यांच्या काही जातींत मोठ्या नरांना शिंगं असतात आणि लहान नर बिनशिंगी. डग्लस एम्लेन यांनी १९९० च्या दशकात पनामातल्या एका जातीवर दाखवलं की आईने अळीसाठी शेणाची पुरचुंडी केवढी बांधून ठेवली यावर हे ठरतं. शेण भरपूर मिळालं तर अंग एका मर्यादेच्या पुढे जातं आणि शिंग फुटतं. कमी पडलं तर नाही. चारा सुकला, शेण कोरडं आणि थोडं झालं, तर पुढच्या पिढीचं रूपच वेगळं. मी म्हणते तो हवामानाचा हात असा अन्नातून पोचतो.

तोरणमाळ_वारी
बाई, माळावर दगड उलटला की जे काळे टणक भुंगेरे पळतात, त्यांच्या पाठीचं झाकण उघडतच नाही. मेलेल्या किड्याचं उघडून पाहिलं, चिकटलेलं होतं. तेही हवामानामुळे?

जीवशास्त्राच्या_बाई
ते बहुतेक टेनेब्रिओनिडी कुळातले. कोरड्या प्रदेशातल्या त्यांच्या अनेक जातींत पंखांची झाकणं एकमेकांना जुळलेली असतात आणि खाली हवेची पोकळी असते. पोटावरची श्वासाची छिद्रं त्या पोकळीत उघडतात. छिद्रं थेट कोरड्या वाऱ्यात उघडली असती तर ओल निघून गेली असती, पोकळीमुळे ती टिकते. बदल्यात उडणं गेलं. आफ्रिकेच्या नामिब वाळवंटात याच कुळातल्या काही जातींचे पाय लांब असतात. तापलेल्या वाळूपासून अंग वर राहतं. तिथलाच ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभा राहतो. पाठीवर धुकं साचतं आणि थेंब ओघळून तोंडात येतो.

न उडणाऱ्या भुंगेऱ्यांचं कोडं डार्विनलाही पडलं होतं. मदिरा बेटांवरच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, हे वुलास्टन या कीटक-अभ्यासकाचं निरीक्षण त्याने १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात घेतलं. तिथे कारण दिलं वाऱ्याचं. उडणारे समुद्रात वाहून जातात आणि बसून राहणारे वाचतात. तिथे वारा, इथे कोरडेपणा, आणि परिणाम सारखाच.

धुळ्याचा_पोऱ्या
आपण सोनकिड्यावरून नामिबला पोचलो. चोपडेकरकाका, तुमचा सोनकिडा लहान झालाय का नाही, हे राहूनच गेलं.

सराफकट्टा
मी तेच म्हणणार होतो. आमच्या धंद्यात "पूर्वीचं सोनं जड होतं" असं गिऱ्हाईक रोज म्हणतं. आम्ही काट्यावर ठेवतो. काका, तुमच्याकडे तेव्हाचा एखादा सोनकिडा आहे का?

चोपडेकर
जिवंत नाही. पण तुमच्या प्रश्नावरून आत्याला फोन केला. ती लहानपणी बाभळीखाली सापडणारे सोनकिड्यांचे पंख जमवायची, आखाजीला (अक्षय तृतीयेला) गौराईच्या सजावटीला आणि बाहुलीच्या परकराला टाचायची. तिच्याकडे पत्र्याच्या डबीत अजून काही आहेत. रंग जराही उतरलेला नाही म्हणाली.

लांबचा_पाहुणा
दादा, हे तर घबाड आहे! पोट सुकतं, मान वाकते, पण कठीण पंखाची लांबी बदलत नाही. कॅनडाच्या लोकांनीही पंखांचीच लांबी मोजली होती. दोन गोष्टी सांभाळा. जात एकच असू द्या, कारण पूर्ण हिरवे सोनकिडे वेगळे आणि तपकिरी पाठीचे वेगळे. आणि दोन-चार पंखांवर निकाल देऊ नका, पुष्कळ भुंगेऱ्यांत मादी नरापेक्षा मोठी असते.

जीवशास्त्राच्या_बाई
तिसरी गोष्ट मी सांगते. आत्यांनी पंख कसे निवडले होते, ते विचारा.

चोपडेकर
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला. पेरण्या चालू होत्या. आत्याच्या डबीतले तपकिरी पंख घेऊन जळगावला जाऊन आलो. सराफकट्टाभाऊंनी दुपारची गर्दी सोडून एकेक पंख व्हर्निअरमध्ये धरला आणि चिठ्ठीवर लिहून दिला. मनापासून आभार. आत्याचे पंख मोठे भरले, सगळेच्या सगळे.

मग यंदाचे मोजायचे म्हणून बाभळीखाली गेलो. पक्षी सोनकिडे खाऊन पंख टाकून देतात, ते पाल्यात पडलेले असतात. चिखलातून सगळे वेचले, एकही सोडला नाही. घरी मांडले तर लहान आहेत, मधले आहेत, आणि तीन असे निघाले की आत्याच्या डबीत टाकले तर ओळखू येणार नाहीत.

आत्याला विचारलं, तू लहान पंख का नाही ठेवलेस? ती म्हणाली, अरे, परकराला लहान कोण लावतं?

त्याच दिवशी नातवाला बांधावर पाठवलं. सांगितलं होतं, एक सोनकिडा दाखवायला आण आणि मग सोडून दे. झाडावर सात-आठ होते. तो त्यातला सगळ्यात मोठा घेऊन आला. मीही त्याच्या वयात तेच करत असणार.

तेव्हा ऊन वाढून किडे आखडले, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. आखडले नाहीत, असंही म्हणत नाही. यंदाचे पंख पाकिटात घालून, त्यावर साल, बाभळीची जागा आणि पावसाची तारीख लिहून ठेवलंय. पुढच्या मृगात याच झाडाखालचे पुन्हा सगळे वेचणार.

केळीबाग_रावेर
पाकिटावर त्या वर्षीचा उन्हाळी पाऊसही लिहा. वळीव किती वेळा आला ते. मी इकडे दोन बाभळी धरतो, एक पाटाच्या कडेची आणि एक माळावरची.

तोरणमाळ_वारी
वर पठारावर बाभूळ दिसली तर मी वेचतो. नाही तर पायथ्याशी राणीपूरकडे बघतो.

सराफकट्टा
पंख टपालाने पाठवू नका, तुटतील. बाजाराला याल तेव्हा घेऊन या. व्हर्निअर गल्ल्यातच ठेवलाय.